बाबांपाशी उरलेला शब्द

क्रेगवेन,
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय कर्स्टी,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. आपला पोस्टमन ते दाराच्या फटीतून आत टाकत नाही, दार वाजवून हातात देतो. न्यूझीलंडचं तिकीट त्याच्या पुतणीला हवं असतं आणि मी ते त्याच्यासमोर कापून दिल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही. त्यामुळे मुलांचा फोटो माझ्याआधी त्यानेच पाहिला. "धाकटा अगदी तुमच्या घरचा दिसतो हो," म्हणाला. कोणासारखा ते मात्र बोलला नाही. मलाही दिसलंच. हनुवटी तुझ्या भावाची आहे, कॅलमची.

एप्रिलमध्ये तू येतेस हे वाचून मी खुर्चीत नुसती बसून राहिले, चुलीवरची लापशी करपली. अ‍ॅबर्डीनच्या हॉटेलचं नाव तू दोनदा लिहिलं आहेस. मी बसने तिकडे यायचं, तुझ्या नवऱ्याला भेटायचं, नातवंडांबरोबर चार दिवस राहायचं. घरी येणार नाही असं तू कुठे लिहिलेलं नाहीस, तेवढी जागा कोरी सोडली आहेस. पण मी तुझी आई आहे, कोरी जागाही मला वाचता येते. मला राग आलेला नाही. तुझ्या जागी मी असते तर कदाचित हॉटेलही घेतलं नसतं.

इथे थंडी कडक आहे. बंदरातल्या दोऱ्या सकाळी लाकडासारख्या ताठ झालेल्या असतात. जेसीकाकूने मासळीचं दुकान सुनेवर सोपवलं, पण रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहते आणि सुनेच्या हातातली सुरी काढून घेते. परवा मी हेरिंग घ्यायला गेले तर सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "काय गं एफी, तुझ्या अँड्राला म्हणे आता एकच शब्द येतो? नशीबवान आहेस बाई. माझ्या नवऱ्याला लग्न झाल्यापासून तेवढाही आला नाही." सगळं दुकान हसलं. मीही हसले. हसायला बरं वाटलं.

बाबांच्या दुखण्याचं मी तुला नोव्हेंबरात चारच ओळींत कळवलं होतं. झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं. त्यांतली शेवटची गोष्ट पुरती खरी नव्हती, म्हणून आज सविस्तर लिहिते. त्या दिवशी ते बंदरावरच्या शेडमध्ये खेकड्यांच्या पिंजऱ्यांना नवी दोरी बांधत होते. डॉडकाका चहाला बोलवायला गेला तर ते पिंजऱ्यांच्या मधे पडलेले, डोळे उघडे. अ‍ॅबर्डीनच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. मी वाकले. वाटलं, माझं नाव घेतील. ते म्हणाले, "बाइड." पलीकडे एक कोवळी नर्स बिछाना लावत होती. तिला वाटलं, म्हातारा थांब म्हणतोय. काम टाकून ती बिचारी त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "बाइड." तेव्हापासून हा एवढाच शब्द त्यांच्यापाशी आहे. तो जिभेवर तयार बसलेला असतो. दुसरा कुठलाही शब्द आणायला गेले की तोच बाहेर येतो. आपण बोललेलं त्यांना सगळं कळतं, डॉक्टर म्हणाले. फक्त बाहेर यायची वाट बुजली आहे.

घरी आणल्यावर आम्ही त्या एकाच शब्दावर संसार मांडला. चहा हवा असला तर बाइड, नको असला तरी बाइड; फरक भुवयांत. मांजर खुर्चीत बसलं की असा बाइड करतात की जुन्या दिवसांत त्या जागी चांगली खमंग शिवी असती. बुटाची नाडी सुटली, खिडकीतून कोणाची बोट ओळखली, बटाटे खारट झाले, सगळ्याला तोच. मला महिन्याभरात ते समजायला लागलं, जसं तुझं रडणं समजायचं, भुकेचं कुठलं आणि झोपेचं कुठलं. एका रविवारी त्यांना चर्चमध्ये नेलं. स्तोत्र सुरू झालं आणि माझ्या शेजारून त्यांचा जुना जाडाभरडा आवाज आला, शब्दांसकट, अख्खं कडवं! मी पुस्तक खाली पाडलं. वाटलं, आलं परत. बाहेर दारात पाद्रीबाबांनी हात पुढे करून विचारलं, "काय अँड्रा, कसं आहे?" बाबांनी तोंड उघडलं, घसा ताणला, मान लाल झाली, आणि "बाइड" म्हणाले. परतीच्या वाटेवर ते माझ्यापुढे चालत होते, मी पाहू नये म्हणून.

मग मिस हॅलम यायला लागली. गेलेली वाचा परत शिकवणारी मुलगी, तुझ्याहून लहान, दक्षिण इंग्लंडची. तिला आधी वाटलं, म्हातारा काहीतरी निरर्थक बोलतोय. "आमच्याकडे हा शब्द आता कोणी वापरत नाही," म्हणाली, "जुन्या गोष्टींच्या पुस्तकांत असतो फार तर." मी म्हटलं, बाई, आमच्याकडे याच्याशिवाय दिवस जात नाही. कुठे बाइड करतेस म्हणजे कुठे राहतेस. जरा बाइड म्हणजे जरा थांब. आणि एखादा माणूस मला बाइड होत नाही म्हणजे मला तो सोसवत नाही. तिला गंमत वाटली. पुढच्या खेपेला तिने एक जाडजूड शब्दकोश उचलून आणला आणि तो टेबलावर उघडून बाबांना वाचून दाखवायला लागली. राहणं. वसती करणं. थांबणं. रेंगाळणं. वाट पाहणं. सोसणं. टिकून राहणं. दिल्या शब्दाला जागणं. अगदी जुना अर्थ, अंगावर चालून येणाऱ्याला पाय रोवून तोंड देणं. एवढासा शब्द, पण त्याचं गणगोत पानभर होतं. ती प्रत्येक अर्थ वाचायची आणि थांबून बाबांच्या तोंडाकडे बघायची, की यातला तुमचा कोणता? बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

तिने हार मानली नाही. एकेका अर्थाचं कार्ड केलं, मागे चित्र काढलं: घर, घड्याळ, धक्क्यावर उभी बाई, पाठीवर ओझं घेतलेला माणूस. म्हणाली, बोलता येत नसेल तर बोट ठेवा. बाबांनी सगळी कार्डं डाव्या हाताने टेबलावरून खाली लोटली. मिस हॅलमचे डोळे भरले. तरुण आहे, मनाला लावून घेते. मी कार्डं गोळा करायला वाकले तर बाबाही वाकले. त्यांनी त्यांतलं एक शोधून काढलं, ओझं घेतलेल्या माणसाचं, सोसण्याचं, आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं. चाळीस वर्षांत या माणसाने मला कधी इतकं गोड काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, झालं, समजलं. याहून आत काही नाही.

पण होतं. वारा उत्तरेकडून यायला लागला की बाबा बदलायचे. जेवण टाकून उठायचे, काठी टेकत खिडकीशी जायचे, बंदराच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. डाव्या हाताची मूठ करून ती ओठांपाशी न्यायचे आणि त्या मुठीत म्हणायचे, "बाइड." मग मूठ कानाशी. मग पुन्हा ओठांशी, आधीपेक्षा जोरात, "बाइड! बाइड!" कपाळावर घाम. मला वाटलं, राग आहे, झटक्यावरचा, देवावरचा. मिस हॅलमला वाटलं, पाणी मागतायत. ती पेला घेऊन धावली. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. वारा पडला की बाबाही निवायचे.

जानेवारीच्या मध्याला असाच एक उत्तरेचा दिवस होता आणि डॉडकाका चहाला आला होता. बाबा खिडकीशी गेले, मूठ ओठांशी नेली. डॉड बिस्किट चहात बुडवत होता, ते कपातच विरघळून गेलं. तो टोपी उचलून उठला आणि बाहेर पडला. मी पाठोपाठ गेले. तो आपल्या भिंतीला पाठ लावून उभा होता, साठी उलटलेला माणूस, लेकरासारखा रडत. मी म्हटलं, "डॉड, काय झालं रे?" तो म्हणाला, "एफी, तुला दिसत नाही? त्याच्या मुठीत रेडिओ आहे."

कर्स्टी, आता जे लिहिते ते सावकाश वाच. मुलं जवळ असतील तर नंतर वाच.

कॅलम गेला त्या दिवशी बाबा किनाऱ्यावर होते, हे तुला माहीत आहे. तू स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं होतंस, "तुम्ही बंदरात होता. तुमच्या डोळ्यांसमोर तो बुडाला. तुम्ही काय केलंत?" ते टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिले. तू पुन्हा विचारलंस. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि तू समजलीस की काहीच केलं नाही. मीही, खरं सांगायचं तर, तेच समजले; फक्त तुझ्यासारखी बॅग भरून गेले नाही. डॉडने मला भिंतीपाशी सांगितलं ते असं. बाबा धक्क्यावरून धावत स्वतःच्या बोटीवर गेले होते, चाकाच्या खोलीत शिरले होते आणि बोटीबोटींत बोलायचा रेडिओ हातात घेतला होता. त्या वेळी बाहेर दोनच बोटी होत्या, कॅलमची आणि डॉडची, म्हणून डॉडला सगळं ऐकू आलं. कॅलमने विचारलं, "बाबा, तोंडाशी कसं आहे?" बाबा म्हणाले, "वाईट. आत येऊ नकोस. बाहेरच बाइड." कॅलम म्हणाला, "बोटीवरची पोरं गारठलीत. डॉडकाका निघालेत आत, त्यांच्या मागोमाग येतो." बाबा ओरडले, "डॉडचं डॉड बघेल! तू बाइड! ऐकतोस ना? बाइड!" थोडा वेळ नुसती खरखर. मग कॅलम म्हणाला, "बरं बाबा. बाइड करतो." आवाजात हसू होतं म्हणे, तू त्याला काही कामाला लावलंस की असायचं तसं.

उत्तरेचा वारा असला की आपल्या बंदराच्या तोंडाशी लाटा फुटतात. खोल पाण्यात बोटीचं नाक वाऱ्याकडे धरून राहायचं, हेच शहाणपण. तुलाही हे पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बापाने तेच सांगितलं असतं. डॉड डोळे मिटून आत घुसला आणि वाचला. कॅलम बाहेर थांबला. दुपारनंतर त्याचं इंजिन बंद पडलं, बोट आडवी झाली आणि एकच लाट पुरली. डॉड मला म्हणाला, "मीसुद्धा तेच ऐकलं होतं, एफी. मला अक्कल नव्हती म्हणून मी जिवंत आहे. तुझ्या पोराला अक्कल होती, त्याने बापाचं ऐकलं. नऊ वर्षं तुझ्या हातचा चहा पितो, घोटाघोटाला घसा जळतो." त्यानेही कधी सांगितलं नाही, कारण बाबांनी त्याला शपथ घातली होती. "एफीला कळलं तर ती पुन्हा माझ्याकडे बघायची नाही," असं म्हणाले होते.

आणि बघ, तसंच झालं. तुझ्यापासून लपवून काय करू? दोन दिवस मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांना भरवायचं ते बशीकडे बघून, बटणं लावायची ती बटणांकडे बघून. मनात एकच चाललं होतं, की येऊ दिलं असतं तर. डॉड आला तसा तोही आला असता, दारात बूट काढून ओरडला असता, आई, काय शिजवलंयस? चूक कोणाची नव्हती हे मला कळत होतं, गं. कळत असूनही मी त्या माणसाकडे पाठ करून दोन रात्री झोपले. त्या माणसाने नऊ वर्षं त्या बोटीवरच्या बाकीच्या पोरांच्या आया समोरून आल्या की टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, आणि मला वाटायचं, किती रीतीचा माणूस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. साबण लावला, वस्तरा हातात घेतला आणि हात थांबला. म्हटलं, "अँड्रा, डॉडने मला सगळं सांगितलं. रेडिओचं." ते अजिबात हलले नाहीत. साबणावरून पाण्याची एक रेघ खाली आली, मग दुसरी. कॅलमच्या वेळी, त्यांच्या आईच्या वेळी, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी वस्तरा ठेवला, त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हटलं, "तुमची चूक नव्हती. तुम्ही बरोबर तेच सांगितलंत. तोही तेच करणार होता." त्यांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, हळूच, आणि अगदी बारीक आवाजात तो शब्द म्हणाले. या वेळी मला तो समजला नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर मी रोज सांगते आहे. सकाळी सांगते, जेवताना सांगते. पाद्रीबाबा सांगून गेले, डॉड गुडघ्यांवर बसून सांगून गेला. ते ऐकतात आणि मान हलवतात. मला वाटतं, आमच्या म्हणण्याला त्यांच्या लेखी किंमत नाही. मी बायको आहे, मी कशालाही माफ करीन हे त्यांना ठाऊक आहे. डॉड वाचलेला आहे. या घरात त्यांना जाब विचारणारं माणूस एकच होतं, आणि ते तू होतीस. तू विचारलंस ते बरोबरच विचारलंस. उत्तर द्यायला त्यांना जमलं नाही, तेव्हा धीर नव्हता म्हणून आणि आता जीभ नाही म्हणून. ते उत्तर मी या पत्रात लिहिलं आहे.

डॉक्टर गुरुवारी येऊन गेले. मला बाहेरच्या खोलीत नेऊन म्हणाले की दुसरा झटका येणार, नाडी तेच सांगते. ईस्टरचं काही ठरवू नका. म्हणून हे पत्र, कर्स्टी. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, आणि तूही अर्ध्यात ठेवून दिला असतास. माझ्यासाठी येऊ नकोस. मी बसने अ‍ॅबर्डीनलाच काय, कुठेही येईन, मला घाई नाही. त्यांच्यासाठी ये, आणि एप्रिलपर्यंत वाट पाहू नकोस. हे हातात पडलं की नीघ. मुलांना आणता आलं तर आण, नाही तर एकटी ये. घरात आलीस की त्यांच्या खुर्चीसमोर बस आणि त्यांना सांग की कॅलमने ऐकलं, कारण सांगणारा बरोबर होता. तुला तसं वाटत नसेल तर खोटं बोलू नकोस, त्यांना ओळखू येईल. मग नुसती बस. ते तुझ्यावर ओरडल्यासारखे तो एकच शब्द बोलतील. घाबरू नकोस. पानभर अर्थांपैकी त्या वेळी कुठला आहे ते तुझं तुला कळेल. आणि तू पोचायच्या आत ते गेले तर मी हे सगळं तुला का लिहिलं असं मला विचारू नकोस. त्यांचा एवढा एक जबाब तरी कोणाच्या तरी हाती पोचला पाहिजे होता.

तुझीच,
आई